चिपमंकचं सगळं वर्ष त्याच्या कोठारावर ठरतं

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका ताईंनी विचारलंय: घराच्या मागच्या पायऱ्यांलगत साधारण दोन इंच व्यासाची दोन भोकं पडली आहेत. पाठीवर पट्टे असलेला एक छोटा प्राणी त्यांतून ये-जा करतो. सांगलीहून आलेल्या आई त्याला खारच म्हणतात. मे-जूनपर्यंत तो दिवसभर अंगणात असायचा, जुलै-ऑगस्टमध्ये जवळजवळ दिसेनासा झाला, सप्टेंबरात त्याची नुसती धावपळ सुरू झाली आणि आता नोव्हेंबरात पुन्हा गायब. मेला, झोपला की दुसरीकडे गेला? घराच्या पायाला धोका आहे का? पिंजऱ्यात धरून लांबच्या पार्कात सोडला तर चालेल का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्यावर एका जिवाचं मरणं-जगणं अवलंबून आहे. ताई, तुमचा तो पट्टेवाला प्राणी म्हणजे चिपमंक, आणि कृपा करून त्याला आत्ता कुठेही नेऊन सोडू नका. थंडीच्या तोंडावर चिपमंकला त्याच्या बिळापासून तोडणं म्हणजे त्याला उपाशी मारणं. हे नीट कळायला त्याचं वर्ष कसं चालतं ते समजून घ्यावं लागेल. एकदा ते कळलं की तुमच्या बाकीच्या प्रश्नांची उत्तरंही त्यातच मिळतील.

मी ईशान्य अमेरिकेतल्या पानगळीच्या जंगलांत उंदीर, चिचुंद्र्या, चिपमंक अशा छोट्या सस्तन प्राण्यांच्या नोंदी ठेवण्याचं काम करते. पत्र्याच्या छोट्या पिंजऱ्यात सूर्यफुलाच्या बिया ठेवायच्या, आत आलेल्या प्राण्याला कापडी पिशवीत घेऊन वजन करायचं, कानात क्रमांकाचा बारीक बिल्ला लावायचा आणि जिथे सापडला तिथेच सोडून द्यायचं. असं केल्यामुळे एकच चिपमंक वेगवेगळ्या ऋतूंत पुन्हा पुन्हा हातात येतो आणि त्याचं वर्ष कसं गेलं ते समजतं.

आधी ओळख. तुमच्या अंगणातला प्राणी पूर्वेकडचा चिपमंक, शास्त्रीय नाव टॅमिअस स्ट्रायटस. खारीच्याच कुळातला आहे, त्यामुळे आईंची ओळख अगदीच चुकीची नाही. पण आपल्याकडची पाठीवर पट्टे असलेली खार, जिला कोकण-गोव्यात चानी म्हणतात, ती वेगळ्या शाखेची. खार झाडावरची. घरटं झाडावर किंवा घराच्या वळचणीला, काथ्या-कापूस-चिंध्या गोळा करून बांधलेलं. चिपमंक झाडावर चढतो, पण त्याचं घर जमिनीखाली. खारीच्या गालात पिशव्या नसतात, चिपमंकच्या असतात. खार शीतनिद्रा घेत नाही, तिला कधी गरजच पडली नाही. लांबून ओळखायची सोपी खूण म्हणजे चेहरा: चिपमंकच्या डोळ्याच्या वर आणि खाली फिकट पट्टे असतात, आपल्या खारीचे पट्टे पाठीपुरतेच. वजन ८० ते १५० ग्रॅमच्या दरम्यान, शेपटी धरून लांबी २० ते ३० सेंटिमीटर. पळताना शेपूट ताठ वर.

जगात चिपमंकच्या साधारण २५ जाती आहेत. एक सोडून सगळ्या उत्तर अमेरिकेतल्या, आणि त्यांतल्या बहुतेक पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातल्या. उरलेली एक जात सायबेरियापासून कोरिया-जपानपर्यंत आढळते. भारतात चिपमंक नाही. पूर्वेकडची जात मात्र कॅनडाच्या दक्षिण भागापासून खाली जवळजवळ मेक्सिकोच्या आखातापर्यंत पसरलेली आहे, आणि बॉस्टन-न्यू जर्सी-फिलाडेल्फिया पट्ट्यातल्या आपल्या मराठी घरांच्या अंगणात दिसते ती हीच.

आता कोठार. थंडीला तोंड देण्याचे प्राण्यांचे दोन मोठे मार्ग आहेत. ग्राउंडहॉग, म्हणजे खारीच्याच कुळातला एक मोठा, बिळात राहणारा प्राणी, उन्हाळाभर खाऊन अंगावर चरबी चढवतो आणि त्या चरबीवर हिवाळा झोपून काढतो. चिपमंक तसं करत नाही. ऑक्टोबरात हातात घेतलेला चिपमंक जूनमधल्या चिपमंकपेक्षा फारसा जड लागत नाही, हे पहिल्यांदा पिशवी तोलणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला चकित करतं. त्याची सगळी बेगमी बिळात असते. कोकणात पावसाळ्याआधी घरोघर आगोटीची तयारी होते, सुकट, कोकम, तांदूळ, लाकूडफाटा आत येतो आणि पुढचे चार महिने त्यावर निघतात. चिपमंकचा हिवाळा नेमका तसा आहे. फरक एवढाच की घरात तो एकटा, आणि मागायला शेजार नाही.

हे बीळ बघण्यासारखं असतं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत भोकाच्या तोंडाशी माती अजिबात नाही, ते नीट बघा. उंदीर-घुशींच्या बिळाबाहेर मातीचा ढीग असतो, इथे नाही. चिपमंक एका बाजूने खणत जातो, ती माती तिथून बाहेर काढतो, आणि बोगदा तयार झाल्यावर दुसऱ्या टोकाला आतून बाहेर नवं तोंड पाडतो. मग मातीचं मूळ तोंड बुजवून टाकतो. त्यामुळे वापरातलं दार स्वच्छ, गोल आणि गवतात सहज न दिसणारं राहतं. आतले बोगदे मिळून कित्येकदा दहा-दहा मीटर होतात. मधे एक मोठी खोली, तिच्यात कुरतडलेल्या सुक्या पानांचं अंथरूण, आणि बऱ्याचदा त्या अंथरुणाखालीच धान्याची रास. म्हणजे तो आपल्या जेवणावरच झोपतो. हिवाळा जसा सरकतो तसं अंथरूण खाली खाली जातं.

ही रास भरण्याचा काळ म्हणजे सप्टेंबर-ऑक्टोबर, तुम्ही पाहिलेली धावपळ. ओकची फळं म्हणजे एकॉर्न, बीच नावाच्या झाडाच्या तिकोनी बिया, हिकरी, हेझल, मेपलच्या पंखवाल्या बिया आणि तुमच्या पक्ष्यांच्या फीडरखाली सांडलेलं सूर्यफूल. एकदा बीचच्या झाडाखाली शांत बसून बघा. चिपमंक बी दोन्ही पुढच्या पायांत धरतो, भराभर फिरवतो, टोकं दातांनी कातरतो म्हणजे गालाला टोचणार नाहीत, आणि मग एका बाजूच्या गालात ढकलतो. पुढची दुसऱ्या गालात. दोन्ही गाल असे आलटून पालटून भरत जातात आणि शेवटी डोकं मूळच्या दुप्पट रुंद दिसायला लागतं. बिळाशी गेल्यावर आत शिरतो, रिकामा होऊन काही क्षणांत बाहेर. पिंजऱ्यात सापडलेल्या चिपमंकचे गाल बहुधा बियांनी गच्च असतात, कारण सुटकेची वाट बघतानाही त्याने गोळा करणं थांबवलेलं नसतं.

सगळंच तळघरात जातं असं नाही. काही बिया तो जमिनीत इथे-तिथे, एक-दोन इंच खोल पुरून ठेवतो. नुकतं स्वतःचं बीळ मिळालेली पोरं हे जास्त करतात. खोल कोठारात गेलेल्या बीचं झाड होणं कठीण. वरच्या वर पुरलेली आणि राहून गेलेली बी मात्र पुढच्या वसंतात उगवते. शिवाय तो जमिनीखालच्या बुरशीची फळं उकरून खातो आणि तिचे बीजाणू विष्ठेतून पसरवतो. ही बुरशी ओक-बीचच्या मुळांशी जोडून राहते आणि झाडाला पाणी-क्षार मिळवून देते. जंगल उभं राहण्यात हा खारीचा वाटा खरोखरीचा आहे.

याच काळात त्यांची भांडणंही सगळ्यात जास्त होतात. चिपमंक एकलकोंडा आहे. बिळाभोवतीचे काही मीटर तो जिवापाड राखतो, कारण शेजाऱ्याच्या कोठारावर डल्ला मारणं हा चिपमंकांचा नेहमीचा उद्योग आहे. एक बाहेर गेला की दुसरा आत शिरतो. तुम्हाला अंगणात एकमेकांमागे सुसाट पळणारे दोन चिपमंक दिसले, तर शरद ऋतूत तो बहुधा खेळ नसतो, चोरीचा पाठलाग असतो.

आवाजाबद्दलही सांगते, कारण तुम्ही "पक्षी ओरडतोय की काय" असं लिहिलंय. दोन हाका ओळखायला शिकलात तरी पुष्कळ. उंच, टोकदार 'चिप्-चिप्-चिप्' मिनिटामागून मिनिटं चालू असेल, तर जमिनीवर काहीतरी आहे: मांजर, कोल्हा, कधी तुम्हीच. खालच्या पट्टीतलं, पोकळ लाकडावर ठोकल्यासारखं 'टॉक्-टॉक्' असेल, तर वर बघा, ससाणा किंवा बहिरी ससाण्यासारखा शिकारी पक्षी आसपास असण्याची शक्यता मोठी. दचकून बिळात उडी मारताना मात्र तो एक लांब, कंप पावणारी किंकाळी मारतो.

तर नोव्हेंबरात तो गेला कुठे? खाली, स्वतःच्या खोलीत. दाराला आतून माती-पानांचा बोळा लावलेला. तो झोपलाय का, याचं उत्तर "अधूनमधून" असं आहे. त्याच्या शरीराचं तापमान एरवी ३८ अंशांच्या आसपास असतं. हिवाळ्यात तो ते काही दिवसांसाठी सोडून देतो. तापमान उतरत उतरत पाच-सात अंशांपर्यंत येतं, म्हणजे भोवतालच्या मातीच्या जवळपास. मिनिटाला साडेतीनशेच्या घरात धडधडणारं हृदय अगदी मोजक्या ठोक्यांवर येतं. या अवस्थेला टॉर्पर म्हणतात. पण काही दिवसांनी तो पुन्हा स्वतःला तापवतो, उठतो, खालच्या राशीतून खातो, आणि परत थंड होतो. संपूर्ण हिवाळा हे चक्र चालतं.

मला यातली सगळ्यात मोलाची वाटते ती गोष्ट कॅनडातल्या क्वीबेक प्रांतात माँ सेंट-इलेर इथे झालेल्या अभ्यासातून कळली. मरी हम्फ्रीज, डोनाल्ड थॉमस आणि डोनाल्ड क्रेमर या संशोधकांनी काही चिपमंकांना जास्तीचं खाणं साठवायला दिलं. ज्यांचं कोठार भरलेलं होतं ते कमी वेळ थंड पडले आणि पडले तरी तेवढे खोल गेले नाहीत. म्हणजे ही झोप थंडीच्या कॅलेंडरवर ठरत नाही. शिल्लक किती, यावर ठरते. थंड पडून राहण्यात ऊर्जा वाचते हे खरं, पण त्याची किंमत मोजावी लागते: शत्रू आला तर पळता येत नाही, आणि शरीराची डागडुजी, पचन, प्रतिकारशक्ती सगळंच मंदावतं. म्हणून ज्याच्याकडे आहे तो जागतो, ज्याच्याकडे नाही तो काटकसर करतो.

आता पिंजऱ्याचा विचार पुन्हा करा. ऑक्टोबर-नोव्हेंबरात चिपमंकला आठ मैल लांबच्या पार्कात सोडलं, तर त्याच्याकडे अंगावर चरबी नाही, कोठार नाही, बीळ नाही आणि तिथली प्रत्येक चांगली जागा दुसऱ्या चिपमंकने धरून ठेवलेली. लोक हे दयेपोटी करतात, मला माहीत आहे, आणि म्हणूनच मी एवढं कळकळीने लिहितेय. शिवाय अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत वन्यप्राणी परवान्याशिवाय पकडून दुसरीकडे सोडणं कायद्याला धरून नाही. तुमच्या राज्याच्या वन्यजीव विभागाला विचारल्याशिवाय पिंजरा विकतसुद्धा आणू नका. आणि बादलीत पाणी भरून वर बिया तरंगत ठेवायचा जो उपाय शेजारीपाजारी सांगतात, तो अतिशय क्रूर आहे. त्याच्या वाटेला जाऊ नका.

हिवाळ्याच्या मध्यावर ऊबदार दोन-तीन दिवस आले तर तो तासाभरासाठी बाहेर दिसू शकतो. काळजीचं कारण नाही, परत आत जाईल. खरं वर्ष सुरू होतं फेब्रुवारीच्या शेवटी-मार्चमध्ये. नर आधी बाहेर पडतात, प्रसंगी बर्फ फोडून. मादी माजावर असते ती जेमतेम एक दिवस, त्यामुळे त्या दिवशी चार-सहा नर एकाच वेळी तिच्या मागे लागलेले दिसतात. वसंतातला पाठलाग हा असा असतो. साधारण ३१ दिवसांनी चार-पाच पिल्लं होतात, प्रत्येकी तीनेक ग्रॅमची, उघडी, डोळे मिटलेली. डोळे उघडायलाच महिना लागतो. सहाव्या आठवड्याच्या सुमारास ती पहिल्यांदा बाहेर डोकावतात. त्यानंतर दोनेक आठवड्यांत घर सुटतं. आई पुढे शिकवत, भरवत बसत नाही. प्रत्येक पोराला स्वतःचं बीळ आणि स्वतःचं कोठार उभं करायचं असतं, तेही पहिल्या थंडीच्या आत. बरीचशी पोरं पहिल्या वर्षातच जातात. मोठी झालेली जंगलात दोन-तीन वर्षं काढतात. ससाणे, कोल्हे, साप, मांजरं, आणि सगळ्यात घातक लांब शेपटीचा वीझल हा छोटा मांसाहारी प्राणी, कारण तो इतका सडपातळ आहे की थेट बिळात शिरतो.

वसंतात कोठार संपत आलेलं असतं आणि झाडांवर बिया नसतात. तेव्हा तो रानफुलांचे कंद, कळ्या, किडे, गोगलगायी, गांडुळं, बुरशी असं मिळेल ते खातो. पक्ष्यांची अंडी आणि लहान पिल्लंही खातो. हे वाचून काहींना वाईट वाटतं, पण तो शुद्ध शाकाहारी आहे असं सांगणं खोटं ठरेल. तुमच्या ट्युलिप आणि क्रोकसचे कंद तोच उकरतो. डॅफोडिल त्याला चालत नाही, ते लावा. ट्युलिपच हवे असतील तर लावताना वर पाव इंच छिद्रांची तारेची जाळी अंथरा, कोंब त्यातून वर येतात.

तुमचा जुलै-ऑगस्टचा प्रश्न फार चांगला आहे, कारण बहुतेकांचं तिकडे लक्षच जात नाही. मध्य उन्हाळ्यात चिपमंकचं जमिनीवरचं वावरणं आणि ओरडणं स्पष्टपणे घटतं. अंगणातला आवाज थांबला की लोकांना वाटतं मांजराने खाल्ला. वसंतातली बेगमी संपलेली, शरदातल्या बिया अजून पिकलेल्या नाहीत, ऊन कडक. बाहेर हिंडण्यात मिळकत कमी आणि जोखीम जास्त, म्हणून तो बराच वेळ खाली काढतो. शिवाय हा काळ बॉटफ्लाय नावाच्या माशीचा. तिची अळी चिपमंकच्या कातडीखाली वाढते आणि अंगावर, बहुधा मागच्या पायांच्या आसपास, एक मोठी गाठ दिसते, मधोमध श्वासाचं छिद्र असलेली. दिसायला भयंकर. पण अळी तीन-चार आठवड्यांत वाढून आपोआप बाहेर पडते, मातीत कोष करते, आणि जखम भरून येते. ती दाबून काढायला जाऊ नका. अळी आत फुटली तर चिपमंकला अपायच होतो. तुम्हाला किंवा मुलांना ती त्याच्याकडून लागत नाही.

आता थोडं मागे जाऊन जंगलाकडे बघू, कारण कोठार भरणार की नाही हे चिपमंकच्या हातात नसतं. बीच आणि ओक दरवर्षी सारखं फळत नाहीत. एका शरदात सगळ्या परिसरातली झाडं एकदमच लगडतात, पुढच्या वर्षी जवळजवळ काही नाही. दक्षिण क्वीबेकमधल्या बीचच्या जंगलांत चिपमंकवर दीर्घकाळ काम चाललंय, आणि तिथून दोन गोष्टी समोर आल्या. बीचने दगा दिलेल्या वर्षी चिपमंक वेळेच्या कितीतरी आधी जमिनीखाली जातात आणि पुढच्या वसंतापर्यंत क्वचितच वर येतात. दुसरी गोष्ट जास्त नवलाची. ज्या शरदात भरपूर बी पडणार असते, त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात माद्या पिल्लांना जन्म देतात, आणि पोरं बाहेर पडतात नेमकी बी पडायच्या वेळी. बी अजून झाडावर पिकलेलीही नसते तेव्हा हा निर्णय झालेला असतो. बीच वसंतात फुलतो, त्यामुळे येणाऱ्या पिकाचा काही सुगावा त्यांना झाडावरूनच लागत असावा, असं मला वाटतं. बिया नसलेल्या वर्षी याच माद्या वीण सोडून देतात. आम्ही ज्याला सरसकट "वर्षातून दोन विणी" म्हणतो, ती प्रत्यक्षात जागा आणि पीक बघून बदलणारी गोष्ट आहे.

या जंगलात पूर्वी एक झाड होतं जे असा दगा देत नसे: अमेरिकन चेस्टनट. ते उन्हाळ्याच्या सुरुवातीला उशिरा फुलायचं, त्यामुळे वसंतातल्या गारठ्याने मोहर जळायचा नाही आणि पीक जवळजवळ दरवर्षी यायचं. १९०४ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स प्राणिसंग्रहालयात त्याच्यावर परदेशातून आलेली बुरशी दिसली, आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत अब्जावधी झाडं मेली. तेव्हापासून चिपमंकचं कोठार ओक आणि बीचच्या लहरीवर आलं. आता बीचवरही संकट आहे. पानांना काळपट पट्टे पाडणारा बीचचा रोग २०१२ मध्ये ओहायोत पहिल्यांदा नोंदला गेला. तो एका सूक्ष्म सूत्रकृमीमुळे होतो आणि न्यू जर्सीपर्यंत पोचलाय. तुमच्या आसपास बीच असेल तर उन्हाळ्यात पान उजेडाकडे धरून बघा, शिरांच्या मधे गडद, जाडसर पट्टे दिसतात का. दिसले तर राज्याच्या वनविभागाला कळवा. माझ्या मते अंगणातल्या चिपमंकसाठी मूठभर शेंगदाण्यांपेक्षा हे कितीतरी उपयोगी काम आहे.

घराच्या पायाबद्दल निर्धास्त राहा. एका चिपमंकचं बीळ काँक्रीटच्या पायाला धोका पोचवत नाही. सुट्या विटांच्या पायऱ्या, दगड रचून केलेली छोटी भिंत, पॅटिओच्या फरशा यांच्याखालची माती मात्र क्वचित सरकते. तसं दिसत असेल तर दुरुस्तीच्या वेळी कडेने पाव इंची जाळी इंग्रजी 'एल'च्या आकारात सहा-आठ इंच खोल गाडा आणि वर खडी पसरा. उघड्या खडीवर बीळ करायला तो राजी नसतो. भोक बुजवायचं तर कधी, हे जपून ठरवा. हिवाळ्यात तो आत असतो. एप्रिल-मे आणि पुन्हा ऑगस्टच्या आसपास आत पिल्लं असू शकतात. भोकात डांबराच्या गोळ्या टाकू नका. त्या कपड्यांच्या बंद पेटीसाठी आहेत, जमिनीत टाकणं बेकायदा आहे, आणि विष शेवटी तुमच्याच मातीत उतरतं. तळघराच्या खिडकीबाहेरच्या खड्ड्यात चिपमंक पडला असेल तर एक खरखरीत फळी तिरकी लावून ठेवा, तो आपला आपण चढून जातो. घरात शिरला तर आतली दारं लावा, बाहेरचं एक दार उघडं ठेवा आणि मुलांना घेऊन बाजूला व्हा.

खायला घालावं का? फीडरखाली सांडलेलं तो नेणारच. पण हातावर घेऊन भरवू नका. माणसाला न घाबरणारा चिपमंक मांजरालाही उशिरा घाबरतो, आणि चावला तर दात खोल जातात. पश्चिमेकडे फिरायला जाणाऱ्यांनी तर हे अधिकच पाळावं. ऑगस्ट २०२१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लेक टाहो या सरोवराच्या दक्षिणेकडची काही ठिकाणं बंद ठेवावी लागली होती, कारण तिथल्या चिपमंकांत प्लेगचे जंतू सापडले होते. राष्ट्रीय उद्यानांत वन्यप्राण्यांना खाऊ घालणं नियमानेच बंद आहे.

तुमच्या न्यू जर्सीत प्लेगची भीती नाही, पण लाइमची आहे. हा आजार काळ्या पायांच्या गोचिडीतून, म्हणजे टिकमधून येतो, आणि लहानपणी ती जंतू उचलते प्रामुख्याने पांढऱ्या पायांच्या उंदरावरून, चिचुंद्रीवरून आणि चिपमंकवरून. चिपमंकला हात लावल्याने लाइम होत नाही; टिक चावावी लागते. न्यूयॉर्क राज्यातल्या मिलब्रुकच्या केरी या परिसंस्था-संशोधन संस्थेत रिक ऑस्टफेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवून ही साखळी दाखवली: एका शरदात एकॉर्न चिक्कार पडले की पुढच्या उन्हाळ्यात उंदीर आणि चिपमंक वाढतात, आणि त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात जंतू असलेल्या खसखशीएवढ्या टिक वाढतात. तेव्हा ज्या वर्षी तुमच्या ड्राइव्हवेवर एकॉर्नचा सडा पडेल ते वर्ष लिहून ठेवा, आणि त्यानंतरच्या दुसऱ्या मे-जुलैमध्ये अंगणातून आल्यावर मुलांच्या गुडघ्यामागे, काखेत, केसांच्या कडेला रोज बघा. टिक चिकटलेली सापडली तर बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढून काढा, तेल-आगपेटीचे प्रयोग नकोत. ती दीड दिवसाहून जास्त चिकटलेली असावी असं वाटलं तर तीन दिवसांच्या आत डॉक्टरांना विचारा. तेवढ्या मुदतीत प्रतिबंधासाठी प्रतिजैविकाचा एक डोस देता येतो.